खडखड सुरू ठेवा, अब्बा

हाजरा दवाखान्यातून परत येणार नाही, हे मला भर दुपारी कळलं. तिच्या नवऱ्याने, रहीमने, येऊन माझ्यावर चादर टाकली. चादर टाकायची ती रात्री, काम संपल्यावर, आणि टाकायची हाजराच. माझ्या सुईखाली रहीमच्याच कुर्त्याची उजवी बाही अर्धी जोडून होती. ती त्याने काढली नाही. डावी बाही माझ्या खणात घडी करून ठेवलेली होती.

मित्रांनो, मी कोळसाखाणींच्या घुग्घुस गावातली एक जुनी शिलाईची मशीन आहे. पायाने चालणारी, चामडी पट्ट्याची. हाजराबरोबर तिच्या माहेराहून आले. बाहेर कोळशाचे ट्रक आणि आत माझी खडखड, एवढ्या आवाजात तिची मुलगी निशात मुळाक्षरं शिकली, दहावी झाली, नर्स झाली. आता तिला परदेशातल्या दवाखान्यात नोकरी हवी होती. त्यासाठी इंग्रजीची परीक्षा होती. वाचणं, लिहिणं तिला जमायचं. अडायचं ते ऐकण्यात. तिथे माणसांचं बोलणं एकदाच ऐकवतात, तेही भरभर, आणि ऐकता ऐकता उत्तरं लिहायची.

तिच्या सरावात फार मजा यायची! निशात मोबाइल माझ्या फळीवर ठेवून बोलणं लावायची. हाजराला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता, पण पाय मारता मारता ती निकाल देऊन टाकायची.

"हा डॉक्टर घाईत आहे. अन् ते बाई खोटं बोलून राह्यली."

"अम्मी, ते औषध घेतलं म्हणते."

"म्हणू दे. नाई घेतलं तिनं. आवाज कसा खाली गेला, ऐक नं."

कधी हाजराचंच खरं निघायचं. मग मायलेकी इतक्या हसायच्या, की माझा धागा तुटायचा.

हाजरा गेली आणि निशातची उत्तरं चुकू लागली. आधी दहात आठ यायचे, आता तीन. शेजारची रुखमाबाई दारात उभी राहून म्हणाली, "पोरीचं मन लागून नाई राह्यलं, रहीमभाऊ. यंदा परीक्षा राहू द्या."

"मन लागते, मावशी," निशात म्हणाली. "पण घर लई चूप झालं. इतक्या चूप घरात मले ऐकूच येत नाई."

रहीम सिमेंटच्या कारखान्यातून नुकताच पाळी संपवून आला होता. कपड्यांवर धूळ तशीच होती. तो उठला आणि त्याने माझ्यावरची चादर ओढली.

"नुसतं चाक फिरवतो," तो म्हणाला.

चाकाच्या मधला गोल स्क्रू त्याने सैल केला. तसं केलं, की चाक फिरतं, पण सुई जागची हलत नाही. कुर्ता हाजराने ठेवला तसाच राहिला. रहीम पाय मारू लागला. निशातने बोलणं लावलं, थोडं ऐकलं आणि बंद केलं.

"हा आवाज नाई, अब्बा. अम्मीच्या मशीनीत सुई टकटक करे."

"सुई चालवली तं कपडा शिवल्या जाईल."

"मग शिवा."

"मले येते का? तुह्या अम्मीचं काम आहे ते. बिघडलं तं?"

"बिघडू द्या नं, भाऊ!" रुखमाबाई म्हणाली. "कुर्ता तुमचा. घालान तुम्ही, हसू आम्ही."

रहीमने सुईखालचा कुर्ता हाताने सरळ केला. मग त्याने स्क्रू घट्ट केला.

काय सांगू, मित्रांनो! इतक्या दिवसांनी माझी सुई खाली गेली. टक, टक, टकटकटक! शिवण घुग्घुसच्या रस्त्यासारखी वाकडीतिकडी चालली. रहीमला घाम फुटला. निशात मान खाली घालून भराभर लिहीत होती. मध्येच त्याचे पाय थांबले, तशी ती ओरडली, "खडखड सुरू ठेवा, अब्बा!"

बोलणं संपलं. तिने उत्तरं तपासली आणि उडीच मारली. "आठ आले! आठ!"

उजवी बाही लागली. डावीला रहीमने हात लावला नाही. रुखमाबाईने जुनी लुगडी आणून दिली आणि रोज संध्याकाळी त्याने पिशव्या शिवल्या. हाजरासारखा तोही निकाल देऊ लागला.

"हा माणूस पाळीवरून थकून आला."

"अब्बा, तो लग्नाचं आमंत्रण देऊन राह्यला."

त्याचा एकही अंदाज बरोबर निघाला नाही. पण घरात पुन्हा हसू आलं.

परीक्षा नागपूरला होती. "तिथं मशीन कोण चालवन?" रहीमने विचारलं.

"मी," निशात म्हणाली.

परत आली ती चप्पल न काढताच माझ्याजवळ आली. "कानावर हेडफोन, खोली एकदम चूप! मी बाकाखाली पाय हलवत बसली, अम्मी हलवे तसे. बाजूची पोरगी पाहूनच राह्यली. पण सारं ऐकू आलं, अब्बा!"

निकाल लागला, तेव्हा सर्वांत जास्त गुण ऐकण्याचेच होते. रुखमाबाईने गल्लीत पेढे वाटले, तेही रहीमने शिवलेल्या पिशवीतून. पिशवीचा बंद तुटला आणि सगळे पुन्हा हसले.

आता निशातची जायची तयारी चालू आहे. तुमच्या घरात माझ्यासारखी कोणी चादरीखाली असेल, तर तिला तेल द्या, चालवा. रहीम मला दर जुम्म्याला तेल देतो. खण उघडतो, पाहतो आणि बंद करतो.

कुर्त्याची डावी बाही अजून जोडायची आहे.