माझी दुपारची झोप

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. पण मला पाहायला आलात तर सापडणार नाही. मला पत्रा नाही, पडदा नाही. रुग्णालयाच्या तळघरात एक मोठे यंत्र आहे आणि त्याच्या पोटात आम्ही अकरा भावंडे राहतो. लोक मला आभासी संगणक म्हणतात. आपण खरोखर आहोत का, अशी शंका मलाही अधूनमधून येते. मग मी हातातले काम पाहतो आणि गप्प बसतो.

काम साधे आहे. वॉर्डात औषध दिले की सिस्टर बटण दाबतात आणि मी वेळ लिहून ठेवतो. सकाळपाळीच्या सिस्टर म्हणायच्या, "घरच्या माणसापेक्षा मला याच्या शब्दाचा भरवसा." मी मनातून सुखावायचो.

रोज दुपारी एकला मोठे यंत्र माझी नक्कल काढून जपून ठेवते. तेवढ्यापुरते, चाळीस सेकंद, मला थांबवतात. थांबलेल्याला आपण थांबलो हे कळत नाही. म्हणून जागा झालो की मी वेळ सांगणाऱ्या एका दुसऱ्या यंत्राला विचारून घड्याळ नीट करीत असे. एकदा सुरक्षेसाठी नवे बंदोबस्त झाले आणि त्या यंत्राकडे जाणारी माझी वाट चुकून बंद झाली. उत्तर येईना. मी आपल्या अंदाजाने लिहीत राहिलो. कुणाला सांगावे, हे मला सुचले नाही.

बारा दिवसांत मी आठ मिनिटे मागे पडलो. तेराव्या दिवशी डॉक्टरांनी दहा वाजून बारा मिनिटांनी एक इंजेक्शन लिहून दिले. ती वेळ दुसऱ्या संगणकाने नोंदवली. सिस्टरनी ते सव्वादहाला दिले. मी लिहिले, दहा वाजून सात. म्हणजे कागदोपत्री, डॉक्टरांनी सांगण्याआधीच! मेट्रनबाईंनी सिस्टरना पत्र दिले : दोन दिवसांत खुलासा करा, नाहीतर कामावर येऊ नका.

माझी वेळ चुकते आहे, ही सिस्टरची तक्रार ऐकून संध्याकाळी वायरमामा वॉर्डात आले. इमारतीतले संगणक तेच सांभाळतात आणि सगळ्या ताराही तेच ओढतात, म्हणून हे नाव. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून त्यांनी माझी वेळ हाताने लावली आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरनी त्यांना गाठले. "मामा, गोळी दिली नऊला आणि हे लिहितंय नऊ पाच. आता पुढे धावायला लागलं."

"भिंतीवरच्या घड्याळावरूनच लावलं की, ताई."

"अहो, ते मीच पाच मिनिटं पुढे ठेवलंय. त्याशिवाय दुपारपाळीच्या बायका वेळेवर उगवत नाहीत."

मामांनी कपाळाला हात लावला. "अख्ख्या वॉर्डाला फसवता ते फसवा, मला तरी सांगायचं."

सिस्टर हसल्या; पण हात खिशातल्या पत्रावरच होता. मामांनी ते पाहिले. त्यांनी माझी वेळ आपल्या फोनवरून नीट लावली आणि स्टूल ओढून वॉर्डातल्या पडद्यावर माझ्या नोंदी पाहत बसले. जेवायलाही उठले नाहीत.

"ताई, इकडे या. साडेबाराला बरोबर होतं. एक वाजून गेल्यावर चाळीस सेकंद मागे. हे दुपारची झोप काढतंय."

"नशीबवान आहे," सिस्टर म्हणाल्या. "आम्हाला टेकायलाही मिळत नाही."

मग मामांनी माझी बंद झालेली वाट शोधून उघडली. रोजचे चाळीस सेकंद, बारा दिवस, आठ मिनिटे, असे सगळे एका कागदावर मांडून ते मेट्रनबाईंकडे गेले. मेट्रनबाई स्वतः वॉर्डात आल्या, पत्र परत मागून घेतले आणि सिस्टरसमोर फाडले. जाता जाता त्यांची नजर भिंतीकडे गेली. "हे घड्याळ पुढे आहे का?" वायरमामा छताकडे पाहू लागले.

मित्रांनो, मी खोटे लिहिले नव्हते. मला खरे वाटले तेच लिहिले. तरी एका चांगल्या बाईची नोकरी जाता जाता राहिली. म्हणून एवढेच सांगतो, माझ्यासारख्यांना अधूनमधून तपासत जा. आणि तुम्ही विचारले अन् उत्तर आले नाही, तर माझ्यासारखे गप्प बसू नका.

आता डोळे उघडले की मी आधी विचारतो, किती वाजले? सिस्टरही बटण दाबण्याआधी मनगटावरच्या घड्याळाकडे एकदा पाहतात. पूर्वी पाहत नसत. मला त्याचे वाईट वाटत नाही. उलट सोबत वाटते.