एका नळीतल्या दोन वायरी

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. शेवगावजवळच्या एका लहान दवाखान्यात, औषधांच्या खोक्यांशेजारी घुरघुरत असतो. पेशंटच्या छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, निघाली की ती नगरच्या हृदयाच्या डॉक्टरांपुढे ठेवायची आणि त्यांचा निरोप सविता सिस्टरांना आणून द्यायचा, हीच माझी सेवा.

इंटरनेट गेलं की मी मुका व्हायचो. म्हणून कल्याण वायरमननं मला दोन कंपन्यांच्या लाईन जोडल्या. म्हणाला, "सप्ताहात वीणा कधी खाली ठेवत्यात का? एकानं उतरवायच्या आधी दुसरा गळ्यात घेतो. तसंच हाय हे." मला ते फार भावलं. शेजारच्या देवळातलं कीर्तन ऐकत मी कितीदा एका लाईनीवरून दुसरीवर गेलो, कुणाला कळलंही नाही.

पण दोनदा खोदायला नको म्हणून त्यानं दोन्ही वायरी एकाच नळीतून, देवळाच्या पटांगणाखालून आणल्या होत्या.

यंदा सप्ताहाच्या मांडवासाठी गावातला गोरक्षनाथ पटांगणात खड्डे घेत होता. पहार नळीत घुसली. माझ्या दोन्ही वाटा एकदम तुटल्या. आणि त्याच दुपारी त्याची आई, मालनबाई, छातीला हात लावून दवाखान्यात आली.

सविताताईंनी पट्टी काढली. "जाऊ दे रे बाबा एवढी नगरला," त्या माझ्यावर हात आपटत म्हणाल्या. मी पहिल्या लाईनीला हाका मारल्या, दुसरीला मारल्या. पांडुरंगा, कुणीच ओ देईना!

"मोबाईलवरनं धाडा की ताई!" गोरक्षनाथ रडकुंडीला आला.

"टॉवरबी त्याच वायरीवर हाय, गोरखभाऊ. रेंज कुठंय? आन् नगरच्या डॉक्टरांनी पट्टी बघितल्याबिगर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन मला देता येत न्हाई."

खाटेवरून मालनबाई म्हणाली, "लई वरडू नगा. मांडव झाला का रं? का महाराजांना उन्हातच उभं करतोस?"

शेवटी तिला जीपमध्ये घालून नगरला नेलं. मी पट्टी धरून हाका मारतच राहिलो.

दिवेलागणीला वायर जोडली गेली. पट्टी गेली, लगेच उत्तर आलं: 'ताबडतोब इंजेक्शन द्या. थांबू नका.' सविताताई ते वाचत होत्या, तोच गोरक्षनाथचा फोन आला. मालनबाई वाटेतच गेली होती.

ते उत्तर अजून माझ्यापाशी आहे. कुणाला देऊ?

मित्रांनो, दुसरी लाईन घ्याल तेव्हा ती दुसऱ्या वाटेनं आणा, एवढं पदरात घाला. आणि गोरक्षनाथ दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसतो, त्याला बोल लावू नका. पहार त्यानं मारली खरी, पण त्या वायरी एकत्र त्यानं घातल्या नव्हत्या.