चिंध्यांच्या टोपलीतली माझी पानं

मी एक जुनी कादंबरी आहे, मित्रांनो, आणि सुरुवातीलाच सांगते, या घरातल्या घारी नावाच्या पोरीचं वागणं मला मुळीच पटलेलं नाही. वाचणाऱ्याने पान दुमडावं, चहाचा डाग पाडावा. मी काही तेवढी नाजूक नाही. पण माझी शेवटची पानं टर्रकन फाडायची? ही कुठली रीत?

आधी माझं घराणं ऐका, म्हणजे राग कळेल. आम्ही चौघी बहिणी. पहिल्या तिघींत भिंतीने कोंडलेलं एक शहर आहे आणि ती भिंत पाडणारी एक पोरकी मुलगी. मुलांनी तिघींना वाचून वाचून खिळखिळं केलं. मग सगळे लेखिकाबाईंच्या मागे लागले, की मुळात ही भिंत उभी राहिली कशी? त्यासाठी मी आले. जन्माने मी शेंडेफळ, पण गोष्ट माझी सगळ्यांच्या आधीची. म्हणजे त्या तिघींची मी आजीच लागते, आणि हा मान मी सोडत नाही.

छापखान्यात माझे कागद दुमडले, पाठीला सरस लावला, कडा कापल्या. दुकानात मी दर्शनी फळीवर होते. "चौघींत हीच भारी," असं लोक म्हणत. मग नवी पुस्तकं आली आणि मी मागच्या फळीवर गेले, तिथून खालच्या, आणि शेवटी रस्त्याकडेच्या ढिगात. उन्हाने पाठीचा रंग उडाला. त्या ढिगातून मला घारीने उचललं. घारे डोळे म्हणून घारी.

घर दोन खोल्यांचं. बाहेर आजीचं शिलाई मशीन, आत घारीची आई अंथरुणावर. रंगाच्या कारखान्यात तिची छाती गेली होती. डॉक्टर आता औषध बदलत नव्हते, नुसते मान हलवत. आजी म्हणजे आईची सासू. शाळा जेमतेम दुसरीपर्यंत, जीभ मात्र कात्रीसारखी. सुनेची उशी झटकतानाही तोंड चालूच: "एकाच कुशीवर पडून राहतेस, मग कापूस गोळा नाही होणार तर काय?"

घारी शाळेतून आली की मला आईला वाचून दाखवायची. माझ्यातली भिंत कुणी राजा बांधत नाही, मित्रांनो. लोकच बांधतात. बाहेरच्यांच्या भीतीने जो तो आपल्या घराची एकेक वीट काढून आणून देतो. आई खोकत खोकत हसायची. "आपल्या गल्लीतले अगदी अस्सेच आहेत गं!"

मग एक दिवस घारीने पुढे डोकावून पाहिलं. भिंतीत शेवटची फट उरली आहे आणि तिथे पुढे पोरकी होणाऱ्या त्या मुलीचा हात तिच्या आईच्या हातातून सुटतो, एवढी एक ओळ तिने वाचली. पुढचं वाचलंच नाही. त्या ओळीपासूनची सगळी पानं फाडली आणि मशीनखालच्या चिंध्यांच्या टोपलीत खुपसली. संध्याकाळी आईला म्हणाली, "मग भिंत बांधायची रद्द झाली. सगळे सुखाने राहिले. संपलं."

"असं?" आई म्हणाली. "मग त्या पुढच्या तीन पुस्तकांत ती पोरकी पोर पाडते ती भिंत कुठली गं?"

घारीने माझी फाटकी कड तळहाताखाली झाकली.

"आई जाते ना तिची?"

घारीने मान खाली घातली.

"जाऊ दे. मला एवढंच सांग, मग त्या पोरीला कुणी सांभाळलं?"

"ते... ते मी वाचलंच नाही गं."

बाहेरचं मशीन थांबलं. आईने भिंतीकडे तोंड फिरवलं. तिला हवं होतं ते एवढंच होतं, आणि ते टोपलीत पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी उशीत भरायला चिंध्या काढताना आजीच्या हाताला माझी पानं लागली. ती आत आली, सुनेच्या उशाशी बसली आणि ओळीखाली बोट धरून वाचू लागली. "वी... ट... वाली..." जन्मात मला इतकं सावकाश कुणी वाचलं नव्हतं. वीटवाली म्हणजे गावाला शिव्या घालणारी एक म्हातारी. ती फटीतून पोरीला ओढून कुशीत घेते आणि बाहेर राहिलेल्या आईला ओरडून सांगते, "जा तू निर्धास्त. ही आता माझी."

आजीने पान खाली ठेवल्यावर आईने विचारलं, "फार खाष्ट होती का हो ती म्हातारी?"

"होती," आजी म्हणाली. "पण शब्दाची पक्की होती."

आईने तिचा हात धरला. आजीने तो सोडवून घेतला नाही.

मित्रांनो, पुस्तकाचा शेवट सोसवत नसेल तर मला मिटून ठेवा, पण फाडू नका. तुम्हाला नको असलेलं पान घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी लागत असतं. माझ्या पाठीत आता काळ्या दोऱ्याचे जाड टाके आहेत. मी नीट मिटत नाही. चालायचंच.

ते टाके घालता घालता, दारात रडत उभ्या असलेल्या घारीला आजी म्हणाली, "मरण लपवायला गेलीस आणि आईचा धीरच फाडून टाकलास, अक्कलशून्य कार्टे. आता डोळे पूस आणि बस इथे. पहिल्यापासून वाचून दाखव तिला. आणि एक जरी ओळ गाळलीस, तर गाठ माझ्याशी आहे; आजही, आणि पुढेही."