तितर बोलका पक्षी

शांताताईंच्या हाताखालून गेलेल्या तितरात बंदुकीचा छर्रा उरत नाही, हे अख्ख्या माधवगंज मोहल्ल्याला ठाऊक होतं. ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांना शांताताई स्वतःच सांगत. पाण्याच्या धारेखाली पक्षी धरायचा, छातीच्या मांसावरून अंगठा हळूहळू न्यायचा, कुठे कण बोचला की नखाने उचकून पितळेच्या वाटीत टाकायचा. टिणकन वाजलं की म्हणायच्या, "निघाला मेला."

ही विद्या त्यांना अपमानाने शिकवली होती. लग्न होऊन आल्या त्या पहिल्याच हिवाळ्यात त्यांच्या रश्शातला छर्रा सासऱ्यांच्या दाताखाली आला आणि दाढेचा टवका उडाला. सासूबाई भर पंगतीत म्हणाल्या, "सूनबाई डोळे माहेरीच विसरून आल्या वाटतं." त्या दिवसापासून शांताताईंनी डोळ्यांवरचा भरवसा सोडला आणि बोटांना कामाला लावलं. शाळेचं तोंड त्यांनी फार पाहिलं नव्हतं, पण या बोटांच्या जोरावर भल्याभल्या घरच्या बायका त्यांनी गप्प बसवल्या.

शिकारीला बंदी येऊन जमाना झाला. तरी थंडी पडली की त्यांचा मुलगा दिग्विजयसिंह मोहना गावाकडे मित्राच्या शेतावर जायचा आणि येताना पिशवीत वर मोहरीची भाजी, खाली तितरं असायची. वाडवडिलांनी फौजेत तलवारी गाजवल्या. हा विम्याच्या पॉलिस्या विकायचा. वर्षातून दोन महिने त्याच्या खांद्याला बंदूक लागली की शांताताईंना घर भरल्यासारखं वाटे. चोरीचं आहे हे त्यांना कळत होतं. "कायदा जंगलात. माझ्या गॅसवर माझा कायदा," त्या म्हणत.

आणि यंदा तर कारणही होतं. नातू युवराज चार वर्षांचा झाला तरी बोलेना. आ, दे, नको, एवढ्यावरच गाडी अडलेली. त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं होतं, तितर बोलका पक्षी, मूल बोलायला मागे राहिलं की त्याला तितर खिलवायचं, जीभ सुटते. दिग्विजयसिंह तसाच बोलायला लागला होता, आणि आता गिऱ्हाइकाला बोलून बोलून जेरीस आणत होता.

सून विनिता इंदरगंजच्या बँकेत होती. ती सुरुवातीलाच म्हणाली होती, "आईसाहेब, युवीला शिकारीचं नका देऊ. त्याचं पोट पहिल्यापासून नाजूक है."

"तुमच्या देवासच्या माहेरची पोटं नाजूक. हे आमचं रक्त आहे."

विनिताने विषय तिथेच संपला असं धरलं. ती बँकेत गेली की दुपारी शांताताई वाटीभर रस्सा पोराला पाजायच्या. तितर धुताना तो शेजारी पाटावर बसायचा. वाटीत टिणकन वाजलं की टाळ्या वाजवायचा.

मग त्याचं पोट दुखायला लागलं. अन्नावरची वासना गेली, तोंड पांढरंफटक पडलं. कंपू भागातल्या डॉक्टर निवेदिताबाईंनी रक्त तपासायला दिलं. रिपोर्ट आला त्या दिवशी त्यांनी तिघांनाही समोर बसवलं आणि म्हणाल्या, "याच्या रक्तात शिसं आहे. मुलाच्या अंगात ते असताच कामा नये. कुठून येतंय ते आपल्याला शोधायचंय. खेळणी, भिंतीचा रंग, सुरमा, देशी चूर्ण, हळद. आठवा, काय काय जातं याच्या पोटात."

छर्रा शिशाचा असतो, हे शांताताईंना लग्नाआधीपासून माहीत होतं. क्षणभर त्यांच्या मनात पाल चुकचुकली. मग त्यांनी स्वतःच तिला हुसकावलं. छर्रे तर मी काढते. मी काढते म्हटल्यावर राहतील कसे?

बाहेर येताच दिग्विजयसिंह हळूच म्हणाला, "आईसाहेब, शिकारीचं नाव तिथे नका घेऊ. बंदूक जप्त होईल, माझ्यावर केस होईल ते निराळंच."

"मी कशाला घेऊ? मला काय वेड लागलंय?"

घरी विनिताने नुसता धुमाकूळ घातला. रंगीत खेळणी गेली, हळद गेली, तिखट गेलं. पोराला चार दिवस शेजारच्या उषाताईंकडे ठेवून खोलीचा रंग खरवडून काढला. शांताताई दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "आता मलाही भंगारात देऊन टाका. मीसुद्धा जुनीच आहे."

विनिता हसली नाही. तिच्या केसांत चुना उडाला होता. "आईसाहेब, बस एक बार पता चल जाए," ती म्हणाली. "मग मी तुमचं सगळं ऐकेन."

शांताताईंनी आपल्या परीने उपाय केला. पोर अशक्त झालंय, तर ताकद हवी. एका वाटीच्या दोन वाट्या केल्या. आणि एका दुपारी वाटी रिकामी झाली तसं युवराजने ती पुढे केली आणि लख्ख म्हणाला, "रस्सा."

शांताताईंचे डोळे भरून आले. त्यांनी त्याला छातीशी धरलं, तोंडावरून बोटं ओवाळून कडाकडा मोडली. जीभ सुटली. पण सांगणार कोणाला? विनिताला सांगावं तर रस्सा कुठून आला हेही सांगावं लागलं असतं. तो शब्द त्यांनी पदराला गाठ मारून ठेवावा तसा ठेवला.

महिन्याने पुन्हा रक्त दिलं, तर शिसं वाढलेलं. निवेदिताबाईंनी पोटाचा फोटो काढायला लावला. काचेमागे दिवा लावून त्यांनी तो टांगला आणि पेनाने दाखवलं, "हे बघा. हे काय गिळलंय याने?"

काळ्या-करड्या पोटात एक पांढरा ठिपका होता. नीट गोल, मोहरीएवढा.

विनिता म्हणाली, "माळेचा मणी? पण घरात तर मी काहीच ठेवलं नाही."

दिग्विजयसिंह खाकरला. शांताताईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यांच्या अंगठ्याच्या टोकाला तो ठिपका बोचत होता. साठीनंतर कातडी जाड होते, बोटांनाही म्हातारपण येतं, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगणाऱ्याची त्यांनी खैर ठेवली नसती. एकीकडे मुलगा, त्याची बंदूक, घराण्याचं नाव. दुसरीकडे विनिताच्या मांडीवर मान टाकून पडलेलं ते पोर.

"छर्रा आहे तो," त्या म्हणाल्या.

"आईसाहेब," दिग्विजयसिंह म्हणाला.

"तू गप बस. पोलीस माझ्याकडे धाडून दे. तितराचं मांस खातो तो, डॉक्टर. रोज दुपारी. मीच देते."

विनिता त्या ठिपक्याकडेच बघत राहिली.

निवेदिताबाईंनी पेन ठेवलं. "हा छर्रा बहुतेक आपोआप बाहेर पडेल, लक्ष ठेवू. पण आजी, एवढं शिसं या एकट्याचं नसणार."

"बाकीचे मी काढते. एकेक करून काढते."

"जे हाताला लागतात ते काढता. छर्रा हाडावर आपटला की त्याचे बारीक कण उडतात, पिठासारखे. जखमेपासून लांब मांसात जाऊन बसतात. ते बोटालाही लागत नाहीत आणि दातालाही. रश्शात काही आंबट घालता?"

"दही. त्याशिवाय तितर मऊ कसं पडेल?"

"आंबटात शिसं आणखी उतरतं."

शांताताईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले. "आणि ते जातं कुठे?"

"रक्तात, हाडात. मुलांच्या मेंदूला लागतं. बोलणं, समजणं मागे पडतं. याचं बोलणं त्यामुळेच अडलं का, ते मी छातीवर हात ठेवून नाही सांगू शकत. पण त्यात भर पडली असणार."

"आम्ही तर तो बोलावा म्हणून देत होतो," शांताताई म्हणाल्या. "तितर बोलका पक्षी म्हणून." मग विचारलं, "आता बंद केलं तर येईल ना सगळं परत?"

"शिसं उतरेल. औषध देऊ. गेलेलं किती परत येईल, ते त्याचं तोच सांगेल."

जिना उतरताना शांताताई वाट पाहत होत्या, सून आता तोंड सोडेल. सोडावं तिने, चारचौघांत सोडावं. विनिताने पोराला खांद्यावर सावरलं आणि एवढंच म्हणाली, "मैंने मना किया था ना, आईसाहेब."

त्यापेक्षा सासऱ्यांची दाढ बरी होती.

दिग्विजयसिंहाने फ्रीजरमधली तितरं नेऊन पुरली आणि बंदूक कपाटात टाकून किल्ली विनिताच्या हातात दिली. पोलीस कोणी आलं नाही. यावं असं शांताताईंना फार वाटत होतं. विनिता सकाळी युवराजचं जेवण स्वतः करून झाकून ठेवायची, दुपारी बँकेतून फोन करायची. "जेवला का? काही बोलला?" शांताताई म्हणायच्या, "जेवला. नाही बोलला."

एके दुपारी त्यांनी पोरापुढे वरणभात ठेवला. त्याने घास तोंडात घेतला, थुंकला आणि ताट सरकवलं. "रस्सा."

"नाही रे राजा. संपला."

"रस्सा." त्याने त्यांची हनुवटी धरली आणि तोंड आपल्याकडे वळवलं. मग उठून मोरीकडे गेला आणि फळीखालून ती पितळेची वाटी हुडकून आणली. पाटावर बसला. चमच्याने तिच्यात वाजवलं, टिण. आजीकडे पाहिलं. पुन्हा टिण. आणि हुबेहूब त्यांच्या सुरात, त्यांच्यासारखीच मान उडवून म्हणाला,

"निघाला मेला."

चार वर्षं देव पाण्यात ठेवले होते या जोडून आलेल्या पहिल्या दोन शब्दांसाठी. आता रस्सा येणार म्हणून तो हसत होता. शांताताईंनी वाटी काढून घ्यायला हात पुढे केला आणि तो तसाच मध्ये राहिला. रश्शाची वाट पाहून पाहून पोराचं तोंड वाकडं झालं, मग रडं फुटलं. त्याला वाटलं, आजी रागावली.

फोन वाजला.

"जेवला का?" विनिताने विचारलं. "रडतोय का तो? काही बोलला?"

मागच्या वेळी एक शब्द त्यांनी लपवला होता. "बोलला," शांताताई म्हणाल्या. "दोन शब्द. जोडून."

"सच्ची?" विनिताचा आवाज किती दिवसांनी वर चढला. "काय, काय म्हणाला?"

शांताताईंनी सांगितलं.

पलीकडे बँकेतली गडबड ऐकू येत होती. विनिताने फोन ठेवला नाही. शांताताईंनीही ठेवला नाही. पाटावर पोर हुंदके देत चमच्याने वाटी वाजवत होतं.