बुधवारची विनंती

"गुडघ्यांसाठी," ताई म्हणाल्या आणि त्यांनी मान खाली घातली.

चर्चच्या बुधवारच्या प्रार्थनासभेत पाळकसाहेब गोलात बसलेल्या एकेकाला विचारत, तुमची काय विनंती? कोणी मुलाच्या परीक्षेचं सांगे, कोणी सुनेच्या बाळंतपणाचं. मग सगळे डोळे मिटून एकमेकांसाठी प्रार्थना करत. ताईंच्या गुडघ्यांना तसं फारसं काही झालं नव्हतं. हॉस्पिटलच्या शिवणखोलीत दिवसभर पायाने मशीन चालवून चादरी आणि गाऊन शिवायचे म्हटल्यावर पन्नाशीनंतर गुडघे थोडे कुरकुरणारच. पण खरी विनंती समोरच्या खुर्चीवर बसली होती, आणि ती चारचौघांत सांगायची कशी? त्यातून मंडळीत सगळे एकमेकांचे बंधू आणि भगिनी. म्हणजे पंचाईतच.

समोरच्या खुर्चीवर बसले होते ते हॉस्पिटलच्या अँब्युलन्सचे ड्रायव्हर. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, नोकरी संपत आलेली. इतकी वर्षं दुपारचे डबे दोघांनी हॉस्पिटलच्या एकाच बाकावर उघडले होते, आणि घरचं सगळं ते ताईंना सांगत आले होते. त्याच संध्याकाळी, सभेआधी, हॉस्पिटलच्या जिन्यात त्यांनी ताईंना थांबवलं होतं.

"मुलगी बोलावतेय तिच्याकडे राहायला. लांब आहे. गेलो की गेलोच. महिनाअखेर तिला कळवायचंय," ते म्हणाले होते. "तुम्ही माझ्याशी लग्न करायला तयार असाल, तर मी इथेच राहतो."

ताईंनी आधी वरच्या पायरीकडे पाहिलं, मग खालच्या. "प्रार्थना करून सांगते," त्या म्हणाल्या.

देवाला विचारल्याशिवाय पाऊल उचलू नये, असं त्यांची आई सांगायची. खरं तर विचारायची वेळच ताईंवर फारशी आली नव्हती. शिक्षण वडिलांच्या आजारपणात सुटलं, नोकरी मामांनी लावून दिली, लग्न आईच्या अंथरुणापाशी बसता बसता राहून गेलं. आई गेली आणि मागे एक खोली उरली. आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी त्यांच्या 'हो'वर अडून बसलं होतं, आणि त्या घाबरून गेल्या होत्या.

घरी मात्र त्या सरळ विचारत. कुकरची शिट्टी होईपर्यंत ओट्याशी उभ्या राहून म्हणत, "प्रभू, मला कळेल असं सांग बाबा. कोड्यात नको." एकदा डोळे मिटून बायबल उघडलं, निघेल ते उत्तर म्हणून, तर जुन्या करारातल्या मंडपाच्या पडद्यांची मापं निघाली. किती हात लांब, किती हात रुंद. ताईंनी सवयीने कापडाचा हिशेब मांडला, शिवणीत किती जाईल तेही पाहिलं, आणि मग आपण विचारलं काय होतं ते आठवून त्यांना हसू फुटलं. हसायला सोबत कोणी नव्हतं, त्यामुळे ते लवकर संपलं.

शेवटी त्यांनी पाळकसाहेबांना गाठलं. "देवाची इच्छा ओळखायची कशी हो?"

"कशाबद्दल?"

"असंच. एकंदरीत."

"मनाला शांती लाभते, ताई. तीच खूण," पाळकसाहेब म्हणाले आणि मग आवाज खाली आणून, "गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल विचारताय ना? घाई करू नका. दुसऱ्या डॉक्टरचंही मत घ्या."

शांतीचं तर काही जमेना. ड्रायव्हरांचा विचार आला की ताईंच्या छातीत धडधडायचं, ती काही शांती नव्हे. विचार बाजूला सारला की खोली इतकी गप्प व्हायची की नळाचं ठिबकणंसुद्धा बरं वाटायचं. ती शांती असेल, तर ताईंना ती नको होती.

बुधवारमागून बुधवार गेले. पाळकबाईंनी गुडघ्यांना चोळायला तेल दिलं, निवृत्त मास्तरांनी व्यायाम दाखवले, स्वतः दाखवताना कमरेत उसण भरून घेतली. एका बुधवारी ताईंच्या विनंतीसाठी प्रार्थना करायची पाळी ड्रायव्हरांवर आली. "देवा, ताईंचे गुडघे बरे कर," ते म्हणाले. "त्यांना जिने चढावे लागतात." पुढे काहीतरी म्हणायचं असावं, पण ते तिथेच थांबले.

मग एका दुपारी उशीच्या अभ्र्याला टीप घालता घालता ताईंच्या लक्षात आलं की, आपण कितीतरी दिवस एकाच गोष्टीचा विचार करतोय: त्यांचे बूट कुठे ठेवायचे? बाहेर ठेवले तर कोणी पळवील. आत ठेवायचे तर कपाट सरकवावं लागेल. आणि कपाट तर ताईंनी कालच सरकवलं होतं.

आकाशवाणी झाली नव्हती, स्वप्न पडलं नव्हतं. देव गप्पच होता. मौन म्हणजे संमती असं माणसांच्या बाबतीत म्हणतात, मग देवाच्या बाबतीत का म्हणू नये? ताई उठल्या, अंगावरचे दोरे झटकले आणि अँब्युलन्सच्या शेडकडे निघाल्या. महिना संपायला अजून अवकाश होता.

ड्रायव्हर गाडीची काच पुसत होते. "ताई? गुडघे काय म्हणतात?"

"बरे आहेत. मुलीला कळवलंत का तुम्ही?"

"कळवलं. रविवारीच."

"महिनाअखेर म्हणाला होतात."

त्यांनी फडकं पिळलं, झटकलं, पुन्हा पिळलं. "दर बुधवारी कान देऊन ऐकायचो मी. म्हटलं, आज काहीतरी बोलतील. माझं नाव नको हो, नुसतं 'मार्ग दिसू दे' एवढं तरी. तुम्ही आपले दर वेळी गुडघेच मागितलेत. मी काय समजायचं ते समजलो. माणूस मनात असतं तेच मागतो ना?"

"सगळ्यांसमोर..." ताई म्हणाल्या.

"मुलगी फोनवर रडली. नातीने खोलीचा रंगसुद्धा निवडला म्हणे, आजोबांसाठी." ते हसले आणि मग हसायचे थांबले. "देव काय म्हणाला तुम्हाला?"

'हो' अगदी जिभेवर होतं. आत्ता म्हटलं असतं तर ते राहिलेही असते, हे ताईंना त्यांच्या तोंडाकडे बघूनच कळत होतं. पण मग त्यांना मुलीला पुन्हा फोन करून येत नाही म्हणावं लागलं असतं, आणि रंग निवडून बसलेल्या नातीलाही.

"काही बोलला नाही," त्या म्हणाल्या. ते खोटं नव्हतं.

परत जाताना त्यांना देवाचा राग आला. हेच त्याचं उत्तर होतं की आपलाच भित्रेपणा, आणि आपण त्याला देवाचं नाव देऊन बसलो होतो? काही कळेना. देवावर रागावलो म्हणून लाज वाटली, आणि ती सांगायलाही देवाशिवाय कोणी नव्हतं.

निरोपाच्या बुधवारी गोलात एकही खुर्ची रिकामी नव्हती. "आपले बंधू उद्या निघाले," पाळकसाहेब म्हणाले. "त्यांच्यासाठी प्रार्थना कोण करेल?" अशा वेळी मास्तरच करत. ते घसा खाकरत होते, तेवढ्यात ताई म्हणाल्या, "मी करते."

इतक्या वर्षांत ताईंनी सभेत मोठ्याने प्रार्थना केलेली कोणी ऐकली नव्हती. सगळ्यांनी डोळे मिटले.

"देवबापा, यांचा प्रवास नीट होऊ दे. गाडीत पुढची जागा मिळू दे, दुसरा कोणी चालवत असला की यांना चैन पडत नाही. हे मीठ जास्त घेतात, तेवढं मुलीच्या लक्षात येऊ दे. पण तिने सगळ्यांसमोर टोकू नये, यांना लागतं. डाव्या कानाने कमी ऐकू येतं, ते हे कबूल करायचे नाहीत. नातीने उजवीकडे बसावं. रात्री फोन वाजला की हे अजून दचकून गाडीची किल्ली शोधतात. तिथे कोणीतरी यांना सांगावं, आता कुठे जायचं नाही, झोपा." ताईंनी पदर सारखा केला. "आणि यांनी कुणाला काही विचारलं, तर उत्तर लवकर मिळू दे. आमेन."

बाकीच्यांना आमेन म्हणायला जरा उशीर झाला. पाळकसाहेबांना गीताचं पान सापडत नव्हतं, शेवटी मास्तरांनीच सूर लावला. सगळे उठून उभे राहिले. ड्रायव्हर तेवढे खुर्चीवर बसून राहिले, डोळे मिटून.