सतरा वासे

"मी वासं मोजायचे. भाईर वहाणांची करकर आली की वर बगायचे आन् मोजाय लागायचे. मोजून झालं की पुन्ना पयल्यापासनं."

चहाचा ट्रे घेऊन आलेली राहीबाई जागीच थबकली. दार अर्धवट उघडं होतं आणि आत कुणीतरी बाई बोलत होती. पण बोलणं होतं राहीबाईचं! चोरून नेलेली आपलीच साडी भर बाजारात दुसरीच्या अंगावर दिसावी, तसं.

मलकापूरच्या त्या संस्थेत राहीबाई शिपाई होती. बावीस वर्षं चहा, झाडू आणि किल्ल्या. शिबिरं येत, जात. कधी बचत गटाचं, कधी अंगणवाडीचं. कुणाला बिनसाखरेचा लागतो, कोण बशीत ओतून पितं, हे तिला पहिल्याच दिवशी पाठ व्हायचं. आत काय शिकवतात याच्याशी तिला देणंघेणं नसे. या वेळचं शिबिर पाच दिवसांचं होतं. सातारा-सांगलीच्या दवाखान्यांतून, मदत केंद्रांतून अकरा समुपदेशक आले होते. लहानपणी ज्यांच्या अंगाला कुणी वाईट हात लावला, अशी माणसं मोठी झाल्यावर बोलायला येतात, तर त्यांचं ऐकायचं कसं, हे त्यांना शिकायचं होतं. सांगलीच्या संयोगिता मॅडम शिकवायच्या. एकीनं सोसलेली व्हायचं, दुसरीनं ऐकणारी व्हायचं, आणि बाकीच्यांनी बघायचं.

राहीबाई हे सगळं विसरली. तिला एवढंच कळलं, की कुणीतरी सांगितलंय.

टाळ्या झाल्या. "रेश्मा, भारीच केलंस गं!" असं कुणीतरी म्हणालं आणि पोरी हसत चहाला बाहेर आल्या.

"मावशी, आज चहात साखर न्हाई व्हय? का आमीच लय गोड हाय म्हनून?" रेश्मानं विचारलं. पंचविशीची, तोंडाची लाघवी पोर.

"तू कुठली गं?"

"कुंडलची."

झालं! राहीबाईचं माहेर कुंडलचं.

"कुनाची तू? कुनी सांगितलं तुला? त्ये... वाशांचं?"

रेश्मा गोंधळली. "आवं, कागदावर हाय की. मॅडमनी दिलाय." तिनं घडी उलगडून कागद पुढं केला. राहीबाई सातवी शिकलेली. तिनं बोट ठेवून वाचलं. वय नऊ. मागची खोली. पेंडीची पोती. वहाणांची करकर. वासे मोजणं. स्वच्छ छापील अक्षरात, झेरॉक्स काढून. खाली कुणाचंच नाव नव्हतं, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

त्या वहाणांचा माणूस, नात्यानं चुलत चुलता, सारं घर त्याला तात्या म्हणायचं, मरून वीस वर्षं झाली होती. माहेरच्या भिंतीवर त्याचा हार घातलेला फोटो होता. दिवाळीला माहेरी गेली की राहीबाई त्याच्याकडं पाठ करून जेवायची. वहिनी म्हणायची, वन्सं, उजेडाला बसा की. जन्मात तिनं ही गोष्ट एकाच माणसाला सांगितली होती. लग्नाच्या आदल्या दिवशी, हळदीच्या हातांनी, आपल्या अकरा वर्षांच्या बहिणीला, धोंडुबाईला. तीही दोनच वाक्यांत. त्यो वंगाळ हाय. त्या खोलीत झोपू नगंस, मी वासं मोजून दिस काडल्यात. बस्स. आपण गेलो, पण धाकटीला वाचवून गेलो, या एका गोष्टीवर राहीबाईनं अख्खा संसार ओढला होता.

दुपारी जिन्याखाली उभं राहून तिनं फलटणला फोन लावला.

"धोंडे, तू कुनाला सांगितलंस?"

"काय गं अक्का? जेवलीस का?"

"वाशांचं! हितं लोकं कागदावर लिवून वाचाय लागल्यात. तुज्याबिगार ठावं हुतं कुनाला?"

पलीकडं शेळी ओरडली. राहीबाईनं फोन कानापासून काढून बघितला. चालू होता.

"म्या कुनाला न्हाई सांगितलं," धोंडुबाई म्हणाली. आवाज तिचा नव्हता. फ्रॉक घातलेल्या पोरीचा होता. "अक्का, सतरा व्हतं नव्हं? धाकटा येक मोडका, त्यो धरून."

राहीबाईनं आकडा कधीच, कुणालाच सांगितला नव्हता. आणि त्या खोलीत नुसतं झोपलेलं माणूस वासे मोजत नाही.

जिन्याखाली भर दुपारी तिला वहाणांची करकर ऐकू आली. वरून कुणीतरी उतरत होतं. कोण होतं हे बघायला तिनं मान वर केली नाही. नजर आपोआप जिन्याच्या पायऱ्यांच्या पोटाकडं गेली, आणि ओठ हलायला लागले. एक, दोन, तीन...

"मी रैवारी येतीया," कानात धोंडुबाई म्हणाली आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी राहीबाईनं चहा ठेवला, पण ती दारातून हलेना. संयोगिता मॅडमनी बघितलं. त्यांनी कुणाला काही न विचारता दाराजवळची एक खुर्ची किंचित तिरपी केली आणि म्हणाल्या, "बसा राहीबाई. दार उघडं असू दे, का लावू?"

छप्पन्न वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. बसायला तिला वेळ लागला.

"उगडंच असू द्या. मॅडम, ह्यो कागद कुनाचा?"

"एकीचा नाही. कितीतरी जणींनी सांगितलेलं एकत्र करून मी लिहिलाय. कुणी वासे मोजतं, कुणी फरशा, कुणी पंख्याची पाती."

"म्हंजी लय जनी मोजत्यात."

"खूप."

राहीबाईला त्या क्षणी वाटलं, की सगळ्या जिल्ह्यात घराघरातून पोरी वर बघत पडल्यात आणि सगळ्या मिळून एका सुरात मोजतायत. तिच्या अंगावर काटा आला. पण त्या सुरात ती एकटी नव्हती, हेही खरं.

"तुम्हाला स्वतःबद्दल बोलायचंय का?" मॅडमनी हळूच विचारलं.

"माजं ऱ्हाऊ द्या. भन येतीया रैवारी. तिनं सांगितलं तर म्या काय बोलायचं, त्येवडं शिकवा."

अकरा जणी म्हणजे जोड्या लावताना एक रोज उरायची, आणि आज रेश्मा उरली होती. तीच उठून समोर बसली. "मी तुमची भन हुते, मावशी."

राहीबाई तिच्याकडं बघत राहिली, आणि तोंडातून एकदम निघालं, "तवाच का न्हाई सांगितलंस गं?"

"थांबा," मॅडम म्हणाल्या. रागानं नाही. पहिल्या दिवशी या शिकलेल्या अकरांपैकी नऊ जणींनी हाच प्रश्न विचारला होता.

पण रेश्मा थांबली नाही. मान खाली घालून, कागदावर नसलेलं तिनं उत्तर दिलं, "कुनाला सांगायचं हुतं? तू लगीन करून निगून गेल्तीस."

तो आवाज फलटणचा, धोंडुबाईचा होता. रेश्मालाही तो कुठून आला ते कळलं नसावं, तिनं दचकून तोंडावर हात ठेवला. आणि राहीबाई, जी आईच्या सरणापुढंसुद्धा ताठ उभी होती, ती वाकली.

मॅडमनी पाणी दिलं. ती प्याल्यावर म्हणाल्या, "का आणि कधी ते विचारायचं नाही. कुठं बसायचं ते तिला ठरवू द्या. दाराचं तिला विचारा. ती सांगेल तेवढं ऐका, न सांगेल ते सोडा. आणि एवढं म्हणा, की मला खरं वाटतंय."

"येवडंच?"

"एवढंच अवघड असतं. आणि तुम्हाला हवं तेव्हा मला फोन करा. तुमच्यासाठीसुद्धा."

रविवारी शिबिर संपलेलं होतं. राहीबाईनं मॅडमना विचारून हॉलची किल्ली ठेवून घेतली होती. तिच्या स्वतःच्या खोलीवर पत्रा होता आणि पत्र्याखाली वासे होते, म्हणून. तिनं दोन खुर्च्या तिरप्या मांडल्या. वहाणा खाली, जिन्याखालीच काढून ठेवल्या.

धोंडुबाई पिशवीत पेरू घेऊन आली. "येवड्या मोट्या हॉलात बसवाय आनलंस व्हय मला? सत्कार करतीस का काय?" म्हणून हसली. हसू अर्ध्यात मोडलं.

"कुठं बसतीस बग. दार उगडं ठिवू का लावू?"

धोंडुबाईनं बहिणीकडं बघितलं, दाराकडं बघितलं. "लाव," ती म्हणाली. "पर कडी घालू नगंस."

राहीबाईनं दार लोटलं आणि अनवाणी येऊन बसली. धोंडुबाईनं पिशवीचे बंद बोटाभोवती गुंडाळले, तोंड उघडलं, आणि सवयीनं मान वर केली.

वर पांढरा, सपाट स्लॅब होता. धोंडुबाईची नजर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरली. मोजायला काहीच सापडेना. मग नजर हळूहळू खाली आली, आणि राहीबाईच्या तोंडावर थांबली.