माशीच्या मेंदूवरचे हिरवे ठिपके

मित्रांनो, मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेतला जुना सूक्ष्मदर्शक आहे. नवा होतो तेव्हा लोक चप्पल काढून माझ्यासमोर बसत. आता माझ्यावर छत्र्या वाळत घालतात.

माझा जन्म फळमाशीच्या अळीचा मेंदू दाखवण्यात गेला. त्यात चेतापेशींना जन्म देणाऱ्या मूळपेशी असतात. काम संपलं की त्यांतल्या बऱ्याच जणी गुपचूप मरतात. मुदतवाढ मागत नाहीत. मरणाचा हुकूम त्यांच्या डीएनएतच घडी घालून ठेवलेला असतो. शेजारच्या पेशीकडून 'आता मर' असा निरोप आला, तरी आधी एका प्रथिनाने ती घडी उलगडावी लागते, असा राजसचा अंदाज होता. म्हणजे ते प्रथिन काढून टाकलं, तर पेशी जगायला हव्यात. खास रंग लावला की मरणारी पेशी माझ्या निळ्या उजेडात हिरवी चमके. ठिपके दिसता कामा नयेत, एवढंच.

राजस हा प्रयोगशाळा चालवणाऱ्या नीरजामॅडमचा विद्यार्थी. हिंजवडीच्या कंपनीची नोकरी त्याच्यासाठी थांबली होती. "हे जमलं तर मी इथेच राहतो," असं तो मॅडमना म्हणाला होता.

खंडेनवमीला त्याने मला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. शेजारच्या काचपट्ट्यांच्या उघड्या डबीवरही चिमूटभर हळद टाकली.

"पीएचडी करतोयस की भिक्षुकी?" मॅडमनी विचारलं.

"यंत्र रुसलं तर तुमचा पेपर जातो मॅडम, माझं लग्न जातं."

दसऱ्यानंतर ठिपके दिसले. हिरवेगार. नवे मेंदू काढले, तरी ठिपके. "कल्पनाच चुकली रे आपली," मॅडम म्हणाल्या. राजसने माझ्यावर कापड घातलं, कडा नीट ओढल्या आणि तो हिंजवडीला गेला.

दिवाळीनंतर उल्का नावाची नवी मुलगी आली. शिकता शिकता तिने त्याच डबीतली कोरी काचपट्टी माझ्याखाली ठेवली.

"मॅडम, यावर मेंदूच नाहीये. मग ठिपके कसले?"

मॅडमनी काचेवर बोट फिरवलं, हुंगलं. "हळद!" त्या म्हणाल्या. निळ्या उजेडात हळदही हिरवी चमकते. धुतलेल्या काचांवर प्रयोग पुन्हा केला, तेव्हा एकही ठिपका नव्हता.

त्यांनी फोन लावला. "राजस, अरे, जगल्या त्या! येतोस परत?"

"अभिनंदन मॅडम! मीटिंगमध्ये आहे. संध्याकाळी करू का?"

संध्याकाळी फोन आला नाही. उल्काची नजर चांगली आहे, तक्रार नाही. पण दार वाजलं की मला अजून वाटतं, तोच आला.

मित्रांनो, आमची पूजा जरूर करा, आवडते आम्हाला. फक्त कुणाला "चुकलं तुझं" म्हणण्याआधी एकदा कोरी काच ठेवून बघा. काच धुऊन परत जागेवर ठेवता येते. माणसाचं तसं नसतं.